ज्याचा पंखा, त्याचा हात

एक वाक्य असे आहे की ते कानांवर पडले म्हणजे माझे मस्तक फिरते. ते ऐकायला फार लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमावीत, त्यांतल्या एखाद्याचा जावई किंवा पुतण्या परदेशी असावा, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता त्या गृहस्थांनी सुस्कारा टाकून म्हणावे, “काही म्हणा, तिकडची माणसं जात्याच स्वच्छ. घाण आपल्या रक्तातच आहे!” लगेच बाकीची मंडळी माना डोलावतात. कोणी म्हणते, “अगदी खरं.” कोणी सिंगापूरचा दाखला देते. आणि फराळ आटोपला की यांतलाच एक जण कागदी बशांची चळत उचलून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे भिरकावतो. भिंतीपलीकडे नाला असतो. नाला खाडीला मिळतो, खाडी समुद्राला. आणि समुद्र कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे विषय तिथे संपतो.

हे वाक्य नुसते खोटे असते तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. खोटी वाक्ये आपण रोज ऐकतो आणि पचवतो. पण हे वाक्य सोयीचे आहे. घाण रक्तातच आहे असे एकदा म्हटले की माणूस मोकळा झाला! रक्त काही बदलता येत नाही. तेव्हा दुसरी चकली घ्यावी. स्वतःची निंदा केल्याचे पुण्य पदरात पडते आणि हात मात्र हलवावा लागत नाही. असे फुकटचे पुण्य ज्या वाक्यातून मिळते, त्याच्याकडे वाचकहो, जरा संशयाने पाहावे.

मी शाळामास्तर. पोट भरण्यासाठी मुले शिकवतो आणि पोटाला न भरणाऱ्या गोष्टींसाठी कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा समाजशास्त्राचे मोठमोठे दाखले माझ्यापाशी नाहीत. पण एक साक्षीदार आहे. तो विलायतेत राहतो, पाण्याखाली असतो आणि खोटे बोलणे त्याला जमत नाही. तो म्हणजे बोटीचा पंखा.

आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर बोटीच्या मागे पाण्यात फिरणाऱ्या त्या चक्राला पंखाच म्हणतात. पंख्यात जाळे अडकले म्हणजे काय होते हे दर्यावर जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. इंजिन गुदमरते, बोट लाटांवर आडवी होते आणि मग एखादा तरणा गडी सुरी घेऊन बोटीखाली बुडी मारतो. तो वर येईपर्यंत बोटीवर कोणी बोलत नाही.

इंग्लंडमधल्या कालव्यांवर हीच कथा लहान आकारात, पण रोज घडते. त्या देशात अठराव्या शतकात कोळसा, लोखंड आणि मातीची भांडी वाहून नेण्यासाठी कालव्यांचे जाळे खणले गेले. जेम्स ब्रिंडली नावाच्या, शाळा जेमतेम पाहिलेल्या कारागिराने आखलेला बर्मिंगहॅमचा कालवा १७६९ साली कोळशाच्या खाणींपासून शहरापर्यंत वाहता झाला. पुढे त्या एका शहराच्या आसमंतात कालव्यांची लांबी १६० मैलांपर्यंत गेली. आज त्यांतले सुमारे १०० मैल बोटींसाठी खुले आहेत. या कालव्यांवरची बोट म्हणजे एक चमत्कारिक वस्तू आहे. रुंदी सात फुटांच्या आत, लांबी साठ-सत्तर फुटांपर्यंत! जणू आगगाडीचा डबा कोणी दोन्ही बाजूंनी दाबून पाण्यात सोडला आहे. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठाने चालणारी म्हातारी तिला मागे टाकते. पाणी खोल नाही. बहुतेक ठिकाणी छातीइतके, आणि त्याखाली गाळ. त्यामुळे पंखा जवळजवळ तळ ढवळतच जातो आणि तळाशी जे जे काही पडलेले असते ते अंगाला गुंडाळून घेतो.

ही गोष्ट त्या बोटी बांधणारे पक्की ओळखून आहेत. म्हणून बोटीच्या मागच्या भागात, नेमकी पंख्याच्या वर, एक लोखंडी पेटी ठेवलेली असते. तिची तोंडे दोन: खालचे पाण्यात उघडे, वरचे पाण्याच्या पातळीहून उंच आणि झाकणाने आवळलेले. त्याला ते ‘वीड हॅच’ म्हणतात. आपण गवताची खिडकी म्हणू. झाकण काढले की आत काळे पाणी दिसते. त्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि पंख्याला काय चिकटले आहे ते बोटांनी चाचपायचे. डोळ्यांचा इथे काही उपयोग नाही.

माझा एक भाचा बर्मिंगहॅमला असतो. त्याच्या आग्रहाने मी तिकडे गेलो तेव्हा त्याने चार दिवसांसाठी अशी एक बोट भाड्याने घेतली होती. बोट देणाऱ्या माणसाने आम्हांला चहाच्या किटलीपासून सुकाणूपर्यंत सगळे दाखवले आणि शेवटी ती खिडकी उघडून म्हणाला की, हे तुम्हांला लागणारच. ‘लागले तर’ असे तो म्हणाला नाही. दुसऱ्याच दिवशी, शहराच्या कडेला, कारखान्यांच्या पडक्या भिंतींमधून जाताना बोट थरथरू लागली. सुकाणू हातात नाचायला लागले, धुराड्यातून काळा धूर आला आणि मागचे पाणी नुसतेच उकळल्यासारखे खदखदू लागले. बोट जागची हलेना.

“मामा, तुम्ही बसा, मी बघतो,” भाचा म्हणाला.

“अरे, मी खाडीकाठचा. तू माझ्यापुढे पाण्याच्या गोष्टी सांगतोस?”

“पाणी थंड आहे हो. शिवाय घाण आहे.”

“घाण? विलायतेत?” मी म्हटले. त्याने उत्तर दिले नाही.

ही क्रिया मी इथे सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. आधी पंखा क्षणभर उलटा फिरवून पाहतात. पानगळीचा पालापाचोळा असेल तर तो तेवढ्यानेच सुटतो. नाही सुटला तर बोट काठाला बांधायची. इंजिन बंद करायचे. आणि मग, ही गोष्ट फार महत्त्वाची, इंजिनाची किल्ली काढायची. ती जागेवर सोडायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. जो पाण्यात हात घालणार आहे त्याने ती स्वतःच्या खिशात टाकायची. कारण हात पंख्यापाशी असताना कोणी विसरून, गमतीने किंवा घाईने इंजिन चालू केले तर बोटे जातील. बोट देणाऱ्या माणसाने हा नियम आम्हांला तीनदा सांगितला होता. किल्ली ज्याच्या खिशात, त्याचाच हात पाण्यात.

त्यानंतर जाड मोजा चढवायचा, कारण आत काचा, तारा आणि मासे धरण्याचे गळ असतात. पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असण्याची भीती असते. त्यातून ज्या तापाची लागण होते तोच हा आपल्याकडचा लेप्टो. २००५ सालच्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईकरांना त्याची चांगली ओळख झाली. म्हणून हातावर जखम असेल तर ती आधी झाकायची. मग दांडा हाताने थोडाथोडा उलट फिरवत गुंडाळ्याचे टोक शोधायचे. पाव कापायची दातेरी सुरी, तार तोडायची पक्कड, वेळ आली तर लोखंड कापायची करवत, ही सारी त्या बोटीवरची नेहमीची हत्यारे. सगळे निघाल्यावर झाकण पुन्हा नीट आवळून बसवायचे. तिथे हयगय झाली तर पंखा फिरू लागताच त्याच खिडकीतून पाणी उसळून आत येते आणि बोट बुडते. अशा बोटी बुडालेल्या आहेत.

मला तासभर लागला. आधी एक निळी प्लॅस्टिकची पिशवी निघाली, मग दुसरी, मग सुंभासारखी नायलॉनची दोरी, मग विजेच्या वायरचा वेटोळा, मग कोणाच्या तरी गालिच्याची दशी. आणि अगदी आत, दांड्याला सापासारखे विळखा घालून बसलेले एक लाल कापड. ते कापून काढले तेव्हा त्याच्या काठाला सोनेरी गोट होता. कोणीतरी देवीला वाहिलेली चुनरी.

भाच्याचा चेहरा पडला. “आपलीच माणसं,” तो हळूच म्हणाला.

मी म्हटले, “कापड आपलं. पण गालिचा कोणाचा? वायर कोणाची? आणि ह्या पिशव्या? ह्यांच्यावर नाव कोणत्या दुकानाचं आहे ते वाच.”

त्याने वाचले आणि तो हसला. लंडनच्या साउथॉल भागातून ग्रँड युनियन कालवा जातो, तिथे पाण्यावर नारळ तरंगताना दिसतात, हे त्यानेच मला सांगितले. नारळ आमचे. पण त्याच देशातल्या कालव्यांच्या तळातून गाद्यांच्या स्प्रिंगा, सायकली, दुकानांतल्या ढकलगाड्या, टायर आणि तिजोऱ्यासुद्धा वर काढल्या जातात. त्या काही आम्ही सत्यनारायणाला वाहिलेल्या नाहीत. रक्ताचा प्रश्न त्या काळ्या पाण्यात माझ्यापुरता निकालात निघाला. त्या पंख्याला गोरे आणि सावळे कळत नाही. जे टाकले ते तो गुंडाळतो.

मग फरक कशात आहे? फरक आहेच, तो नाकारण्याइतका मी हट्टी नाही. आम्ही अडकलो होतो तिथे मागून दुसरी एक बोट आली. तीवर एक पिकल्या केसांचे जोडपे होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वेग कमी केला आणि बाईंनी विचारले की, लांब पात्याची सुरी हवी आहे का? आणि निघताना म्हणाल्या, काढलेले परत पाण्यात टाकू नका हो, पुढच्या धक्क्यावर कचऱ्याची पेटी आहे. आम्ही ती ओली, घाणेरडी गुंडाळी आमच्याच बोटीच्या पुढच्या ओट्यावर घेऊन तीन मैल गेलो. तिला वास येत होता. पण गंमत अशी की त्या तीन मैलांत आम्हां दोघांनाही बिस्किटाचा कागद पाण्यात टाकण्याची इच्छा झाली नाही.

माझा सिद्धान्त तो हाच. बोटीवर राहणारा माणूस सहसा पाण्यात काही टाकत नाही, कारण आज टाकलेले उद्या त्याच्याच पंख्यात येणार आणि त्याचाच हात थंड पाण्यात जाणार, हे त्याला ठाऊक असते. टाकतो कोण? काठावरचा. पुलावरून जाणारा. ज्याला बोट नाही, पंखा नाही आणि म्हणून खिडकीत हात घालण्याची वेळही ज्याच्यावर कधी येणार नाही, तो टाकतो. टाकणारा हात आणि काढणारा हात एकाच देहाला जोडलेले असले की घाण कमी होते. ते दोन देहांना असले की घाण वाढते. इंग्रजाला लागू, मराठ्याला लागू. यात रक्त कुठेच येत नाही.

आणि विलायतेतली ती स्वच्छता आभाळातून पडलेली नाही. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तिथले कितीतरी कालवे गाळाने आणि कचऱ्याने मरायला टेकले होते. रेल्वे कंपन्यांनी विकत घेतलेले कालवे त्यांनी मुद्दाम कुजू दिले. १९४६ साली टॉम रोल्ट, रॉबर्ट एकमन आणि त्यांच्या मित्रांनी कालवे वाचवण्यासाठी एक संघ काढला. बर्मिंगहॅमजवळ किंग्ज नॉर्टन इथे स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर एक उचलायचा पूल होता, तो रेल्वेने खाली बसवून टाकला होता. संसदेत प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळाले की, आगाऊ सूचना दिल्यास पूल उचलून देऊ. रोल्टने सूचना दिली. १९४७च्या मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडे स्वराज्य तीन महिन्यांवर आले असताना, रेल्वेच्या गड्यांना जॅक लावून तो पूल उचलावा लागला आणि रोल्टची बोट गाळ-गवत उपसत त्याखालून गेली. हक्क कागदावर होता. तो पाण्यावर चालवून दाखवावा लागला.

पुढची कथा मला अधिक मोलाची वाटते. त्याच स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिणेचा भाग १९६१ ते १९६४ या काळात पुन्हा खणून काढला गेला, तो स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी मिळून. मँचेस्टरच्या ॲश्टन कालव्यात १९६८ साली सहाशेच्या आसपास माणसे सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरली; १९७२ साली हजाराच्या आसपास उतरली. हजारो टन गाळ आणि भंगार निघाले. १९७४ साली त्या कालव्यातून पुन्हा बोटी जाऊ लागल्या. या लोकांत नोकरदार होते, विद्यार्थी होते, शिक्षक होते. त्यांनी सरकारला शिव्या दिल्या नाहीत असे नाही, भरपूर दिल्या. पण शिव्या देताना त्यांच्या हातात फावडे होते, आणि ज्याच्या हातात फावडे आहे त्याची शिवी सरकारला लवकर ऐकू येते.

तिकडचे सारे सुरळीत आहे असेही कोणी समजू नये. २०१२ सालापासून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे एका विश्वस्त संस्थेच्या हाती आहेत, आणि २०२३ साली तिथल्या सरकारने जाहीर केले की, २०२७नंतर तिचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत जाईल. पिशव्यांवर त्यांनी २०१५ साली दर लावला, तेव्हा कुठे दुकानातली पिशवी फुकट मिळेनाशी झाली. म्हणजे ‘जात्याच स्वच्छ’ लोकांनासुद्धा पिशवी टाकू नये म्हणून पैशाचा चिमटा काढावा लागला! आपल्याकडे २०१८ साली बंदी आली. बंदीच्या दुसऱ्या महिन्यात बाजारात मी मेथीची जुडी घेतली, ती भाजीवाल्याने पिशवीतच घालून दिली. “बंदी आहे ना?” विचारले तर म्हणाला, “मास्तर, गिऱ्हाईक पिशवी आणत नाय.” त्याचे उत्तर खरे होते.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे टाकणारा हात आणि काढणारा हात वेगळे कधी झाले? काल-परवा नव्हे. ते शेकडो वर्षांपूर्वी वेगळे केले गेले, आणि नुसते वेगळे केले नाहीत, तर त्याला धर्माचे नाव दिले. एका जातीने टाकायचे आणि दुसऱ्या जातीने काढायचे. आणि काढणाऱ्याचा हात लागला तर टाकणाऱ्याने अंघोळ करायची. जगाच्या पाठीवर गरिबाकडून घाण उपसून घेणारे देश पुष्कळ आहेत, इंग्लंडही त्यांतलेच. पण काढणाऱ्याची मुले, नातवंडे आणि पणतवंडे यांनीही तेच काढावे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सोय करून ठेवण्याचा मान आपला. आमच्यांत घाण कुठे असेल तर ती या सोयीत आहे.

येत्या लक्ष्मीपूजनाला पाहा. पाटावर नवी केरसुणी ठेवाल, तिला हळदकुंकू वाहाल, लक्ष्मी म्हणून नमस्कार कराल. ही रीत मला मनापासून आवडते. जिने घाण दूर केली तिला लक्ष्मी म्हणणाऱ्या पूर्वजांना काहीतरी कळले होते. पण मग केरसुणी धरणारा हात? वर्षभर ज्याच्या हातात ती असते तो माणूस त्या दिवशी पोस्त मागायला येतो, तेव्हा त्याला दाराबाहेर उभे करून, फराळाची पुडी वरून सोडणारी घरे अजून आहेत. मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. गाडगेबाबांनी जन्मभर हातात खराटा धरला. १९५६ साली ते गेले. आपण त्यांचा पुतळा उभारला आणि खराटा पुतळ्याच्या हातात दिला. म्हणजे तो आपल्या हातात यायला नको!

आणि गटारात उतरणारा माणूस? त्याच्यासाठी १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हणून सांगितले. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली याचा अर्थ माणसे मरायची थांबली नव्हती. इथे मला त्या बोटीवरची किल्ली आठवते. किल्ली ज्याच्या खिशात, त्याचाच हात पाण्यात. गटाराच्या तोंडाशी असे नसते. कमरेला दोर बांधून, पुष्कळदा तोही न बांधता, जो खाली उतरतो त्याच्या खिशात काहीच नसते. कामाची वेळ ठरवणारा ठेकेदार वेगळा, बिल काढणारा साहेब वेगळा, वरून घाण सोडणारे आपण वेगळे. किल्ल्या साऱ्या वर आणि माणूस एकटा खाली. त्याला अपघात म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?

कोणी म्हणेल, मास्तर, मग काय आता सगळ्यांनी गटारात उतरायचे? नाही. गटारात कोणीच उतरायचे नाही. तिथे यंत्र हवे, आणि यंत्र नसेल तर ते येईपर्यंत गटार तुंबू द्यावे, वरच्यांना वास येऊ द्यावा. यंत्र लवकर येईल! पण यंत्राने सगळे भागते हा भ्रमही नको. बोटीच्या दांड्यावर दोर कापणारी पाती बसवता येतात. ती दोर कापतात. गादीची स्प्रिंग आली की तीही थांबतात. शेवटी खिडकी उघडावीच लागते.

दुसरा म्हणेल, आम्ही कर भरतो, काम नगरपालिकेचे. कर भरावा आणि काम मागावे. रोल्टनेही हक्कच मागितला. पण कर हे घाण टाकण्याचे भाडे नव्हे. तिसरा आमच्या स्वच्छता-सप्ताहाचा दाखला देईल. त्या सप्ताहात स्वच्छ रस्त्यावर आधी पाला पसरतात, मग पुढारी नव्या झाडूने तो गोळा करतात आणि फोटो निघाल्यावर झाडू आणि पाला दोन्ही तिथेच राहतात. त्यात टाकणारा आणि काढणारा हात एकच असतो, हे मी मान्य करतो.

मी स्वतः काय केले, असे विचाराल तर लहानशीच गोष्ट आहे. माझ्या वर्गात मी पाळ्या लावल्या. रोज चार मुलांनी वर्ग झाडायचा, हजेरीपटाच्या क्रमाने. अमक्या वस्तीतल्या मुलांनीच झाडावे हा जो छुपा रिवाज कित्येक शाळांत चालतो, तो इथे चालणार नाही, म्हणून क्रम हजेरीपटाचा. आणि सोमवारी पहिली पाळी माझी. तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या कानांनी ऐकले: एक मुलगा दुसऱ्याला दटावत होता, “ए, चॉकलेटचा कागद खाली टाकू नको हां, आज माझी पाळी आहे!” मला वाटले, शंभर भाषणांनी जे झाले नसते ते एका पाळीने केले. पण चौथ्या आठवड्यात एक पालक आले. “मास्तर, आम्ही पोराला शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही.” मी म्हटले, “दादा, तो शिकतोच आहे.” ते वर गेले. वरून तोंडी हुकूम आला की, पालकांच्या भावना दुखावतात, पाळ्या बंद कराव्या. जपानमधल्या शाळांत मुले आपला वर्ग आपणच झाडतात, हे मी नम्रपणे सांगितले. उत्तर मिळाले, “तिकडची माणसंच वेगळी हो.” पुन्हा तेच वाक्य! आता वाचकांच्या लक्षात आले असेल की ते ऐकून माझे मस्तक का फिरते. ते नुसते फराळाच्या ताटावरचे वाक्य नाही. त्याच्या जोरावर हुकूम निघतात. सोमवारची माझी पाळी मात्र मी चालू ठेवली आहे. ती बंद करण्याचा हुकूम अजून आलेला नाही. दोन मुले आपण होऊन माझ्याबरोबर थांबतात.

दिवाळीचा अंक आहे. तेव्हा कडू तोंडाने निरोप घेऊ नये. पण फराळाआधी अंघोळ येते. नरकचतुर्दशीला घरातली सगळी माणसे उटणे लावून न्हातील. शेवटच्या माणसाचे न्हाणे होईपर्यंत मोरीच्या जाळीवर उटण्याचा चोथा, तेलाचा चिकटा आणि केसांचा गुंता साचेल आणि पाणी तुंबेल. ही जाळी म्हणजे तुमच्या घरातली गवताची खिडकीच आहे. तो गुंता आजवर कोणी काढला? बहुतेक घरांत आईने, बायकोने, सुनेने. आणि जिथे त्यांनी नाही, तिथे कामाला येणाऱ्या बाईने. तिला त्या दिवशी तिच्या घरची दिवाळी सोडून यावे लागते.

या वर्षी तो गुंता घरातल्या कर्त्या पुरुषाने काढावा. मुलांना जवळ उभे करून काढावा, आणि काढलेला गुंता खिडकीतून मागच्या नाल्यात न टाकता कचऱ्याच्या डब्यात टाकावा. मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची रीत आपल्यात आहे. ती बाहेर पडून जाते कुठे, एवढे त्या रात्री मुलांना विचारावे. मुले उत्तर देतील. त्यांना नाला ठाऊक असतो.